आंबवलेल्या पिठाचा इतिहास आणि घरगुती खमिरी पावाचे पोषणमूल्य : सक्करदरा (नागपूर) परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

मानवी आहाराच्या इतिहासात धान्य दळणे, भिजविणे, आंबविणे आणि भाजणे या चार क्रियांना मूलभूत महत्त्व आहे. राजवंशांच्या व लढायांच्या इतिहासात या क्रियांची नोंद क्वचितच होते. समाजाचे आरोग्य मात्र दीर्घकाळ त्यांच्यावरच अवलंबून राहिलेले दिसते. या चारपैकी आंबविण्याच्या क्रियेकडे अलीकडे अभ्यासकांचे पुन्हा लक्ष वेधले गेले आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेक देशांच्या बाजारपेठांत यीस्टचा तुटवडा पडला आणि केवळ पीठ व पाणी यांपासून घरीच खमीर तयार करून पाव भाजण्याची प्रथा झपाट्याने पसरली. भारतातील शहरांतही हा ‘सॉरडो’ पाव पौष्टिक आहार म्हणून परिचित झाला. तो पौष्टिक आहे काय, असल्यास कोणत्या कारणाने, आणि आपल्या आहारपरंपरेशी त्याचा काही संबंध आहे काय, हे प्रश्न त्यातून निर्माण होतात.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा विचार नागपूर शहराच्या आग्नेय भागातील सक्करदरा परिसराच्या पार्श्वभूमीवर केला आहे. हा परिसर नागपूरकर भोसले घराण्याच्या वाड्यामुळे व तलावामुळे ओळखला जातो. १९०८ मध्ये रघुजीराव भोसले यांनी ताजुद्दीन बाबांना मनोरुग्णालयातून सोडवून येथील वाड्यात आणले आणि १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांचे निधनही येथेच झाले. आज या परिसरात बुधवारचा बाजार आहे, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि सभोवती मध्यमवर्गीय व कष्टकरी अशा दोन्ही प्रकारच्या वस्त्या आहेत. ज्वारी, गहू आणि पाव ही तीन निरनिराळ्या काळांची अन्ने अशा परिसरात एकाच कुटुंबाच्या आहारात एकत्र येतात. म्हणून हे उदाहरण अभ्यासास उपयुक्त ठरते.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) मराठी प्रदेशातील, विशेषतः विदर्भातील, धान्य आंबविण्याच्या परंपरेचा आढावा घेणे, (२) आंबवलेल्या व न आंबवलेल्या पिठाच्या पोषणमूल्यासंबंधीचे विसाव्या शतकातील संशोधन समजून घेणे, (३) या दोहोंच्या आधारे घरगुती खमिरी पावाच्या उपयुक्ततेचे व मर्यादांचे मूल्यमापन करणे.

संज्ञांचा विचार :

मराठीत आंबविण्याच्या क्रियेशी निगडित अनेक शब्द आहेत व प्रत्येकाचा इतिहास वेगळा आहे. ‘किण्वन’ ही आजची शास्त्रीय संज्ञा ‘किण्व’ या प्राचीन शब्दावरून घेतलेली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात किण्व तयार करण्याची कृती दिली असून त्यात माष म्हणजे उडीद आणि तांदूळ हे मुख्य घटक आहेत. आजही डोसा, इडली व आंबोळी यांच्या पिठात हीच जोडी आढळते, हे लक्षणीय आहे. ‘आंबवण’ हा शब्द आम्ल या गुणाकडे निर्देश करतो. ‘विरजण’ हा शब्द दुधापुरता मर्यादित असला तरी त्यामागील तत्त्व तेच आहे : कालच्या पदार्थाचा थोडा अंश राखून आजचा पदार्थ सिद्ध करणे. सॉरडो पावासाठी जे जिवंत खमीर जपून ठेवले जाते, त्याला पिठाचे विरजण म्हटल्यास मराठी वाचकास ती कल्पना तत्काळ स्पष्ट होईल.

‘खमीर’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, तर ‘पाव’ हा पोर्तुगीज भाषेतून आला. पीठ पायांनी तुडवतात म्हणून त्यास पाव म्हणतात, ही लोकव्युत्पत्ती भाषाशास्त्रदृष्ट्या निराधार आहे. परंतु या पदार्थाविषयी समाजाच्या मनात किती काळ किल्मिष होते, याचा ती पुरावा आहे. गव्हाचे पीठ आंबविण्यासाठी रूढ असलेले दोन्ही शब्द बाहेरून आले, तर ज्वारी, तांदूळ व दूध यांच्यासाठीचे शब्द घरचेच राहिले. शब्दांची ही विभागणी योगायोगाची नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

विदर्भातील आंबवणाची परंपरा :

आयुर्वेदात संधान कल्पना या नावाने आंबविण्याच्या क्रियेचा स्वतंत्र विचार आढळतो. धान्यापासून तयार होणारी कांजी किंवा धान्याम्ल हा तिचाच एक प्रकार होय. लोकजीवनातील आंबील ही या परंपरेची नातलग म्हणता येईल. ज्वारीचे पीठ पाण्यात अथवा ताकात कालवून रात्रभर ठेवावे व सकाळी शिजवून घ्यावे, अशी तिची साधी रीत आहे. उन्हाळ्यात शेतावर जाणाऱ्या कुटुंबांचे हे अन्न होते. त्याचबरोबर भाद्रपदात विदर्भातील घरोघरी महालक्ष्म्या बसतात, तेव्हा नैवेद्याच्या ताटात पुरणपोळी व सोळा भाज्यांबरोबर ज्वारीच्या आंबिलीलाही मान असतो. रोजच्या ताटातून आंबील बऱ्याच घरांतून गेली असली, तरी नैवेद्याच्या ताटात ती टिकून आहे. अन्नाची स्मृती धर्मविधीत कशी जतन होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तांदळाच्या बाबतीत अनारशांचे उदाहरण घेता येईल. त्यासाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलण्याची पद्धत आहे. कोकणातील आंबोळी हे तांदूळ आणि उडीद एकत्र आंबविण्याचे रोजच्या वापरातील रूप होय.

गव्हाची स्थिती मात्र वेगळी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास या ग्रंथात (इ.स. ११२९ च्या सुमारास) मंडक या गव्हाच्या पदार्थाची कृती आली आहे. गहू धुऊन, वाळवून, दळून, चाळून घेतलेल्या पिठाचे हे मंडक तापलेल्या खापरावर भाजले जात. मराठीतील ‘मांडे’ ते हेच. विसोबा चाटीने कुंभारांना खापर देण्यास मना केल्यावर ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवून मुक्ताबाईस मांडे भाजू दिले, ही आख्यायिका सर्वपरिचित आहे. नागपुरात आजही उपड्या मडक्यावर भाजली जाणारी हाताएवढी लांब पोळी याच परंपरेतील आहे. या पोळीसाठी पीठ अत्यंत सैल भिजवून, पुष्कळ मळून व आपटून त्यास ताण दिला जातो. येथे कौशल्य आहे, श्रम आहेत, पण आंबवण नाही.

वैदर्भीय घरात गहू आंबत असे तो कुरडयांसाठी. उन्हाळ्यात गहू तीन दिवस पाण्यात भिजवून, वाटून त्याचा चीक काढला जातो. परंतु या प्रक्रियेत कोंडा वेगळा होतो व रोज बदलल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर विद्राव्य जीवनसत्त्वेही निघून जातात. शिल्लक राहते ते प्रामुख्याने पिष्ट. बाजारात हलवायाच्या दुकानी जिलबीचे पीठ आंबवले जाई, तेही मैद्याचे. म्हणजेच गव्हाचे आंबवण घरात वाळवणापुरते, बाजारात मिठाईपुरते आणि पुढे भट्टीत पावापुरते राहिले. रोजच्या पोळीस त्याचा स्पर्श झाला नाही.

पावाचे आगमन व सामाजिक प्रतिक्रिया :

मराठी-कोकणी प्रदेशात भट्टीत भाजलेला फुगीर पाव पोर्तुगीजांबरोबर आला. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. तेथे यीस्टची सोय नसल्याने पीठ फुगविण्यासाठी माडाच्या सुरीचा म्हणजे ताडीचा उपयोग होऊ लागला. साष्टी तालुक्यातील माजोर्डा हे गाव या कलेचे आद्यस्थान मानले जाते. सुरीत निसर्गतः यीस्ट व आम्लकारी जीवाणू दोन्ही असतात. त्यामुळे गोव्याचा जुना पाव हा तत्त्वतः सॉरडोचाच आप्त ठरतो. तेथील ‘पोई’ या प्रकारात गव्हाचा कोंडाही वापरला जातो. आंबवण आणि कोंडा यांचा संयोग रोजच्या गव्हाच्या अन्नात झाल्याचे हे आपल्या जवळचे जुने उदाहरण आहे.

नागपुरात पावाचा प्रसार वेगळ्या मार्गाने झाला. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई होऊन भोसल्यांची सत्ता इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेली व १८२१ मध्ये कामठीची छावणी स्थापन झाली. ब्रिटिश सैनिकाच्या दैनंदिन शिध्यात पाव हा ठरलेला घटक होता. छावणी, १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप यांच्या आगमनाने सुरू झालेले मिशनचे कार्य आणि १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आलेला लोहमार्ग या तिहींमुळे भट्टीच्या अन्नास येथे ग्राहक मिळाला. मुस्लिम समाजात खमीर घालून भाजलेल्या रोट्यांची परंपरा आधीपासून होतीच.

उच्चवर्णीय हिंदू समाजाने मात्र या अन्नाकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य झाले व प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. भट्टीत भाजलेला पदार्थ कोणी मळला व त्यात काय घातले, ही शंका त्यामागे होती. ताडीने फुगविलेल्या पावाविषयी ती अधिकच तीव्र असणे स्वाभाविक होते. परिणामी पाव घरात आला तो विकत घेतलेला पदार्थ म्हणून. तो करण्याची विद्या स्वयंपाकघरात आली नाही. चुलीवर व तव्यावर चालणाऱ्या मराठी स्वयंपाकघरात भट्टी नव्हती, हे त्याचे दुसरे व तितकेच महत्त्वाचे कारण होय.

धान्यबदल आणि वेळेचा लोप :

लुई पाश्चर यांनी १८५७ पासून किण्वन ही सजीवांची क्रिया असल्याचे सिद्ध केले. त्यानंतर शुद्ध यीस्टचे औद्योगिक उत्पादन वाढत गेले आणि रात्रभर चालणारी पीठ आंबविण्याची क्रिया काही तासांवर आली. १९६१ मध्ये इंग्लंडमधील चोर्लीवूड येथे विकसित झालेल्या पद्धतीने वेगवान यंत्रांच्या साहाय्याने पीठ मुरविण्याचा काळ आणखी कमी केला. भारतात १९६५ मध्ये मॉडर्न बेकरीज ही सरकारी कंपनी स्थापन होऊन कापलेल्या पांढऱ्या पावाचा प्रसार झाला. २००० मध्ये तिचे खाजगीकरण झाले.

याच काळात विदर्भाचे मुख्य धान्यही बदलत होते. पी. एल. ४८० करारान्वये आलेला अमेरिकन गहू, हरितक्रांतीनंतर वाढलेले उत्पादन आणि शिधावाटप दुकाने यांमुळे गहू सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. पूर्वी सणासुदीस होणारी पोळी रोजची झाली. पुढे १९८० च्या दशकापासून सोयाबीनने विदर्भात ज्वारीचे क्षेत्र मोठ्या प्रमाणावर व्यापले.

या ठिकाणी प्रस्तुत निबंधाचे मुख्य प्रतिपादन मांडता येईल. आंबवण घरातून गेले ते गृहिणीचे श्रम वाचावेत म्हणून गेले, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ते अर्धसत्य आहे. जाते जाऊन पिठाची गिरणी आली तेव्हा स्त्रियांचे अपार कष्ट वाचले, यात शंका नाही व त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु आंबविण्यास श्रम लागत नाहीत, वेळ लागतो. आणि तो वेळ रात्रीचा, घर झोपलेले असतानाचा असतो. आंबवण मागे पडले याचे अधिक सबळ कारण असे दिसते की, ज्या धान्याशी ते जोडलेले होते ते धान्यच ताटातून कमी झाले, आणि त्याच्या जागी जे धान्य आले त्याच्याशी आंबवण्याची रीत कधी जोडलीच गेली नव्हती. धान्याने घर बदलले, रीत मागे राहिली. आजचा घरगुती खमिरी पाव म्हणजे ही तुटलेली जोडणी गव्हाच्या बाबतीत प्रथमच करण्याचा प्रयत्न होय.

अर्थात ज्वारीचा काळ हा सुवर्णकाळ होता, असेही मानण्याचे कारण नाही. रोजची भाकरी ताज्या पिठाचीच असे. आंबील तिच्या जोडीस होती. १९६० मध्ये सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनमधील प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांतील पेलाग्रा या विकाराकडे लक्ष वेधले आणि त्याचा संबंध ज्वारीतील ल्यूसीन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी जोडला. या कारणमीमांसेवर पुढे मतभेद झाले. तथापि एकाच धान्यावर विसंबलेला आहार अपुराच असतो, हा त्यातील बोध कायम आहे.

पोषणशास्त्रीय संशोधनाचा इतिहास :

आंबवलेल्या पिठाचे महत्त्व शास्त्रज्ञांच्या लक्षात आले ते आडवाटेने. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी मुडदूस या रोगाचा अभ्यास करीत होते. काही धान्ये हाडांच्या वाढीस अडथळा आणतात, असे त्यांना आढळले. पुढे त्यामागे धान्याच्या कोंड्यातील फायटिक आम्ल असल्याचे स्पष्ट झाले. हे आम्ल कॅल्शियम, लोह व जस्त यांना बांधून ठेवते व शरीरात त्यांचे शोषण कमी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमध्ये टंचाईमुळे जवळजवळ संपूर्ण गव्हाच्या पिठाचा पाव सर्वांना खावा लागला, तेव्हा डब्लिनमधील बालकांत मुडदूस वाढल्याचे नोंदले गेले. १९४२ मध्ये मॅकन्स व विडोसन यांनी फायटिक आम्ल काढून टाकलेल्या पिठाच्या पावातून खनिजांचे शोषण सुधारते, हे माणसांवरील प्रयोगांनी दाखविले.

या संशोधनातील पुढचा महत्त्वाचा टप्पा एका भारतीयाच्या नावाशी निगडित आहे. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ मध्ये इराणमधील शिराझ परिसरातील वाढ खुंटलेल्या, रक्तक्षयग्रस्त तरुणांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा आहार मुख्यतः न आंबवलेल्या गव्हाच्या रोटीचा होता. जस्ताची न्यूनता हे त्यामागील एक कारण असावे, हे प्रसाद यांनी पुढील अभ्यासातून मांडले. १९७० च्या दशकात जॉन रेनहोल्ड यांनी त्याच प्रदेशातील ग्रामीण रोटीत फायटेटचे प्रमाण अधिक असल्याचे व पीठ आंबविल्याने ते घटत असल्याचे दाखविले. एकच गहू, एकच भट्टी. आंबविणे व न आंबविणे एवढाच भेद, आणि त्याचा परिणाम मुलांच्या वाढीपर्यंत पोहोचू शकतो, ही जाणीव येथून दृढ झाली.

यामागील प्रक्रिया समजण्यास कठीण नाही. गव्हाच्या दाण्यातच फायटेज नावाचे विकर असते. ते फायटिक आम्लाचे विघटन करते. त्यास पाणी, वेळ आणि सौम्य आम्लता लागते. आम्लता साधारणतः ५ पीएचच्या आसपास आली की ते अधिक कार्यक्षम होते. खमिरातील लॅक्टिक जीवाणू पिठास हीच आम्लता देतात. झटपट यीस्टच्या पावास वेळ मिळत नाही व रोजच्या पोळीच्या कणकेस वेळ व आम्लता दोन्ही मिळत नाहीत. ज्वारीत हे विकर मुळातच कमी असते. म्हणून ज्वारीस मोड आणून मग आंबविल्यास अधिक लाभ होतो.

दुसरा लाभ रक्तशर्करेसंबंधी आहे. १९९० च्या दशकात स्वीडनमधील लुंड विद्यापीठात झालेल्या अभ्यासांनी असे दाखविले की, लॅक्टिक आम्ल असलेला पाव खाल्ल्यावर रक्तातील शर्करा व इन्शुलिन यांची वाढ तुलनेने मंद होते.

पोषणमूल्यांची तुलना :

भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे पहिले प्रमाणभूत कोष्टक १९३७ मध्ये कुन्नूर येथील प्रयोगशाळेतून डब्ल्यू. आर. ऐक्रॉइड यांनी प्रसिद्ध केले. ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली व पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. १९७१ पासून गोपालन व सहकाऱ्यांच्या नावाने प्रसिद्ध होत गेलेल्या या कोष्टकातील प्रति १०० ग्रॅम मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत :

गव्हाची कणीक : ऊर्जा ३४१ कॅलरी, प्रथिने १२.१ ग्रॅम, कॅल्शियम ४८ मि.ग्रॅ., लोह ४.९ मि.ग्रॅ., थायामिन ०.४९ मि.ग्रॅ.

मैदा : ऊर्जा ३४८ कॅलरी, प्रथिने ११.० ग्रॅम, कॅल्शियम २३ मि.ग्रॅ., लोह २.७ मि.ग्रॅ., थायामिन ०.१२ मि.ग्रॅ.

ज्वारी : ऊर्जा ३४९ कॅलरी, प्रथिने १०.४ ग्रॅम, कॅल्शियम २५ मि.ग्रॅ., लोह ४.१ मि.ग्रॅ., थायामिन ०.३७ मि.ग्रॅ.

पांढरा पाव : ऊर्जा २४५ कॅलरी, प्रथिने ७.८ ग्रॅम, कॅल्शियम ११ मि.ग्रॅ., लोह १.१ मि.ग्रॅ.

पावातील आकडे कमी दिसतात त्याचे एक कारण त्यातील पाण्याचा अंश हे आहे. तरीही मैदा व कणीक यांतील तफावत लक्षात घेण्याजोगी आहे. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मैद्याचा पाव कितीही काळजीपूर्वक आंबविला तरी जे मूळ पिठात नाही ते खमीर निर्माण करू शकत नाही. दुसरी, कणकेत लोह पुरेसे दिसत असले तरी कोष्टकातील आकडा हा अन्नात असलेल्या लोहाचा आहे, शरीरास मिळालेल्या लोहाचा नाही. या दोहोंमधील अंतर आंबवण काही अंशी कमी करते, आणि घरगुती खमिरी पावाचे खरे पोषणमूल्य याच ठिकाणी आहे.

स्थानिक संदर्भ व व्यवहार :

हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८.० टक्के होते. ते २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के झाले. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत : अपुरा व एकसुरी आहार, वारंवार बाळंतपणे, जंत, इतर आजार. पोळी हे त्याचे एकमेव कारण मुळीच नव्हे. १९२० च्या दशकात कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत गव्हाची रोटी, दूध, लोणी, डाळ व भाज्या असलेला पंजाबी आहार सर्वांत सरस ठरला होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पोळीबरोबर दूध, भाजी व फळे असतील तर फायटेटचा प्रश्न सौम्य होतो. परंतु ज्या घरात पोळी आणि चटणी एवढेच जेवण असते, त्या घरात पिठातील प्रत्येक मिलिग्रॅम लोहाचे मोल वाढते. कष्टकरी वस्त्यांच्या दृष्टीने आंबवणाचे महत्त्व येथे आहे.

नागपूरचे हवामान या कामी अनुकूल व प्रतिकूल दोन्ही आहे. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. अशा वेळी पीठ काही तासांत आंबून बिघडू शकते. म्हणून थंड पाण्यात भिजविणे, खमिराचे प्रमाण कमी ठेवणे व भांडे माठाजवळ किंवा ओल्या फडक्यात ठेवणे हे उपाय करावे लागतात. हिवाळ्यात मात्र रात्रभर वेळ द्यावा लागतो. खमीर तयार करण्यासाठी कणीक व पाणी समभाग कालवून रोज त्यातील काही भाग काढून टाकून नवे पीठ व पाणी घालावे. साधारण आठवडाभरात ते नियमित फुगू लागते व त्यास दह्यासारखा आंबट वास येतो. गुलाबी, काळी वा हिरवी बुरशी दिसल्यास ते टाकून द्यावे.

या लाभासाठी भट्टी असणे आवश्यक नाही, हे विशेष नमूद करावेसे वाटते. रात्री कणकेत चमचाभर खमीर अथवा ताक घालून ती झाकून ठेवल्यास व सकाळी तिच्या जाड पोळ्या तव्यावर भाजल्यास फायटेजला आवश्यक ते पाणी, वेळ व आम्लता मिळते. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने तिचा पाव फुगत नाही. तिच्यासाठी आंबील व धिरडी हीच योग्य रूपे होत. जेवणात लिंबू, आवळा किंवा नागपूरचे संत्रे असल्यास त्यातील क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते. जेवणाबरोबर घेतलेला चहा ते कमी करतो.

मर्यादा :

खमिरी पावाविषयी प्रचलित असलेले काही दावे तपासून घेणे आवश्यक आहे. भाजताना जीवाणू नष्ट होतात. त्यामुळे दह्यासारखे जिवंत जीवाणू पावातून मिळत नाहीत. आंबविण्याने ग्लुटेनचे काही अंशी विघटन होत असले तरी सीलिअॅक रोग असलेल्यांसाठी गव्हाचा कोणताही पाव सुरक्षित नाही. मधुमेही व्यक्तीने तो प्रमाणातच खावा, कारण मंद गतीने का होईना, त्यातील पिष्टाची शर्कराच होते. भाजण्याच्या उष्णतेने थायामिनचा काही अंश कमी होतो. शिवाय बाजारात आंबट चवीसाठी आम्ल घालून झटपट यीस्टने फुगविलेला पावही खमिरी पाव या नावाने विकला जाऊ शकतो. घरी केलेल्या पावाचे वैशिष्ट्य हेच की, त्यात कोणते पीठ वापरले व त्यास किती वेळ दिला, हे करणाऱ्यास ठाऊक असते.

निष्कर्ष :

१. मराठी प्रदेशात आंबवणाची समृद्ध परंपरा होती. परंतु ती मुख्यतः ज्वारी, तांदूळ व दूध यांच्याशी निगडित होती. रोजच्या गव्हाच्या पोळीशी ती जोडली गेली नाही.

२. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विदर्भात गव्हाने ज्वारीची जागा घेतली, तेव्हा धान्याबरोबर आंबवणही मागे पडले. श्रमबचतीपेक्षा धान्यबदल हे त्याचे अधिक सबळ कारण दिसते.

३. घरगुती खमिरी पावाचे पोषणमूल्य संपूर्ण पीठ, सौम्य आम्लता आणि पुरेसा वेळ या तिहींच्या संयोगात आहे. यांपैकी एक जरी वगळले तरी लाभ कमी होतो.

४. हा लाभ महागड्या पावापुरता मर्यादित नाही. ताक घालून रात्रभर ठेवलेल्या कणकेची पोळी आणि मोड आणलेल्या ज्वारीची आंबील हे त्याच तत्त्वाचे स्वस्त व परिचित मार्ग आहेत.

दुकानात सॉरडो या नावाने मिळणारा पाव सक्करदऱ्यातील एखाद्या कुटुंबास परवडेल किंवा परवडणार नाही. परंतु भाद्रपदात देवीपुढे ठेवण्यासाठी रात्री ज्वारीचे पीठ भिजत घालणाऱ्या प्रत्येक घरात ती विद्या आजही आहे. वर्षातून एकदा होणारे हे आंबवण रोजच्या कणकेपर्यंत आणणे, हे आहारशिक्षणाचे काम आहे आणि त्यासाठी एका रात्रीपलीकडे काहीही खर्च करावे लागत नाही.